घाटावरून पिल्लू आणण्याआधी : कोकणात जातिवंत कुत्रा घेताना ब्रीडर कसा पारखायचा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जातिवंत कुत्र्याचं पिल्लू बहुतेक वेळा बाहेरूनच येतं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, मुंबई नाहीतर गोवा. ज्या घरात ते जन्मलं ते घर आपण बघितलेलं नसतं, त्याची आई बघितलेली नसते. मधे कुणीतरी एजंट असतो, तो फोटो पाठवतो, अर्धे पैसे आधी मागतो आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून खोक्यात घालून पिल्लू पाठवतो किंवा हातखंब्याच्या तिठ्यावर आणून देतो. पुढच्या आठवड्यात हगवण लागली की त्याचा फोन बंद.

ब्रीडर चांगला की वाईट हे ओळखायच्या बऱ्याच खुणा आहेत आणि त्या खाली दिल्या आहेत. पण घाईत असाल तर एवढंच धरून ठेवा : पिल्लाची आई, ती राहते त्या जागी, पिल्लांसकट बघितल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. पुष्कळ फसवे विक्रेते या एका अटीवरच गळतात.

आधी जात, आणि ती इथल्या हवेत

ब्रीडर शोधण्याआधी जात पक्की हवी, कारण चांगला ब्रीडर एका, फार तर दोन जातींवर काम करतो. आणि जात ठरवताना मोबाईलवरच्या व्हिडिओपेक्षा आपलं अंगण बघा.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि अंग थंड होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी दमट असते की ही वाफ होणंच मंदावतं. म्हणून सायबेरियन हस्की किंवा सेंट बर्नार्ड मालवणात आणणं हा त्या जनावरावर अन्याय आहे, एसी लावला तरी. पग आणि फ्रेंच बुलडॉगची अडचण वेगळी. त्यांचं नाक चेपलेलं, श्वासाची नळी अरुंद, त्यामुळे धाप टाकूनही थंडावा मिळत नाही. मे महिन्याच्या दुपारी लाईट गेली की अशा कुत्र्याचा जीव खरोखर धोक्यात येतो.

लॅब्रॅडोर इथे निभतो, पण खायला लाडावला की फुगतो आणि सांध्यांचं दुखणं मागे लावून घेतो. कॉकर स्पॅनियलचे लोंबते कान पावसाळाभर ओले राहतात आणि कानदुखी पाठ सोडत नाही. जर्मन शेफर्डचा दाट कोट जून ते सप्टेंबर सुकत नाही, कातडीला बुरशी लागते. डॅशहंड आखूड केसांचा, हवेला ठीक, पण लांब पाठीमुळे मणक्याची दुखणी त्याला सहज होतात. चिऱ्याच्या उंच कट्ट्यावरून उड्या मारायची सवय त्याला लागू देऊ नये. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जो पांढरा कुत्रा घराघरांत दिसतो तो बहुतांशी इंडियन स्पिट्झ. तो पिढ्यान्‌पिढ्या याच देशात वाढलेला आहे आणि बऱ्यापैकी सोसतो.

देशी जातींचा विचार जरूर करा. कारवान किंवा मुधोळ हाउंड आपल्या शेजारचाच. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूर इथे या जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे. आखूड केस, हलकं अंग, खाणं कमी. मात्र तो नजरेनं शिकार करणारा कुत्रा आहे. पळणारी कोंबडी दिसली की मागचा पुढचा विचार करत नाही, आणि वाडीत शेजाऱ्याची कोंबडी मेली की भांडण ठरलेलं. गडगा कमरेएवढा असेल तर तो त्याच्यासाठी असून नसल्यासारखा.

कलमांच्या बागेत वानरांसाठी कुत्रा हवा म्हणून रॉटवायलर आणणारे आजकाल पुष्कळ आहेत. मुलगा मुंबईला, बागेत सत्तरीचे आईवडील आणि पन्नास किलोचा कुत्रा, हे गणित जमत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र लिहून २३ जातींवर निर्बंध घालायला सांगितलं, त्यात रॉटवायलर होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्र रद्द ठरवलं. अशी जात घेणार असाल तर आज काय नियम लागू आहे ते पशुसंवर्धन खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारूनच पुढे जा. गोव्यातून आणणार असाल तर तिथलाही नियम विचारा.

बिबट्याचंही ध्यानात घ्या. ज्या वाडीत तो रात्री फिरतो तिथे कुत्रा, कुठल्याही जातीचा असो, रात्री दाराच्या आत हवा. पडवीत साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला आयतं जेवण. तेव्हा घरात किती मोठा कुत्रा मावेल हाही जात निवडायचाच प्रश्न.

(आणि ज्यांना फक्त राखण हवी आहे त्यांनी वाडीतल्या गावठी कुत्रीचं पिल्लू घ्यावं. "कुत्रो भुकता मां?" एवढाच ज्यांचा प्रश्न आहे, त्यांनी वीस-तीस हजार कशाला घालवायचे? इथल्या पावसाला आणि गोचिडांना तोच सर्वांत चांगला सरावलेला असतो.)

ब्रीडर कुठे शोधायचा

मोबाईलवर जाहिरात शोधणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट वाट. त्याऐवजी तुम्हाला हवी त्या जातीचा निरोगी, पाच-सहा वर्षांचा कुत्रा कुणाकडे आहे ते शोधा आणि तो कुठून आणला विचारा. दोन वर्षांच्या आतल्या कुत्र्यावरून फारसं कळत नाही, कारण सांध्यांचे, डोळ्यांचे, हृदयाचे आनुवंशिक आजार पुढेच दिसायला लागतात.

दुसरी वाट डॉक्टरांची. आपल्याकडचे तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाईगुरांचे. कुत्र्या-मांजरांवर रोज काम करणारे डॉक्टर मोठ्या गावांतच भेटतात. त्यांना "चांगला ब्रीडर सांगा" असं विचारू नका, कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. "या जातीची कुणाकडची पिल्लं तुमच्याकडे वारंवार आजारी येतात?" असं विचारा. उत्तर थेट मिळालं नाही तरी चेहरा सांगतो.

तिसरी वाट डॉग शोची. केनेल क्लब ऑफ इंडिया म्हणजे केसीआय, मुख्यालय चेन्नईत. त्यांच्याशी संलग्न क्लब मोठ्या शहरांत शो भरवतात, बहुधा हिवाळ्यात. तिथे पिल्लू घ्यायला जायचं नाही, माणसं बघायला जायचं. कुत्रा रिंगणातून बाहेर आल्यावर मालक त्याच्याशी कसा वागतो, कुत्रा अनोळखी माणसाजवळ कसा उभा राहतो, हे तासाभरात कळतं. मात्र शोचे कप घरात आहेत म्हणजे आजार नाहीत असं नव्हे. पंच दिसणं आणि चालणं बघतो, एक्स-रे बघत नाही.

पहिला फोन

फोनवर किंमत शेवटी विचारा. आधी हे विचारा : आईचं वय किती, हे तिचं कितवं वेत, आधीचं वेत कधी झालं, आईबापाच्या कुठल्या तपासण्या झाल्यात, पिल्लं बघायला कधी येऊ.

या प्रश्नांमागे कायदाही आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक (श्वान पैदास व विपणन) नियम, २०१७ नुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यापासून पैदास घेता येत नाही, वर्षात एकाहून जास्त वेत घेता येत नाही आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक सरळ मागा. घरात एकदोन कुत्र्या पाळून हौसेने पिल्लं काढणाऱ्या पुष्कळांनी ही नोंदणी केलेली नसते, त्यातले काही मनाने चांगले असतात हेही खरं. पण "अर्ज केलाय, हा बघा" म्हणणारा आणि "अहो, ते कोण बघतंय" म्हणणारा यांत फरक करा. दुसऱ्याकडे पिल्लांच्या लसीचंही तेच असतं.

एजंटाची भाषा एकदा कानावर पडली की लगेच ओळखू येते :

"दादा, कुठली ब्रीड पाहिजे? लॅब, गोल्डन, शिट्झू, रॉट, सगळं आहे. हेवी बोन, शो क्वालिटी, चॅम्पियन लाइन. परवा पोच करतो."

"आई बघायला मिळेल?"

"आई फार्मवर आहे दादा. तुम्ही कशाला येताय एवढ्या लांब, मी व्हिडिओ पाठवतो ना."

इथेच फोन ठेवायचा. ज्याच्याकडे सगळ्या जाती बारा महिने तयार असतात तो दुकानदार आहे, पिल्लं त्याच्याकडे जन्मत नाहीत. "हेवी बोन", "पंच फेस", "टीकप", "पॉकेट" हे भाव वाढवायचे शब्द आहेत. "इम्पोर्टेड पिल्लू" म्हणाला तर आणखी सावध व्हा. व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्रे आणायला केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्येच मनाई केली. तेव्हा "रशियाहून आलेल्या" आईचे आयातीचे कागद कुठे आहेत, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

चांगला ब्रीडर तुमचीच उलटतपासणी घेतो. दिवसभर घरी कोण असतं, पावसाळ्यात कुत्रा कुठे झोपणार, साखळीला बांधणार का, आधीचा कुत्रा कशाने गेला, जवळचा डॉक्टर किती लांब. याचा राग मानू नका. "सध्या पिल्लं नाहीत, दिवाळीनंतर कुत्री माजावर येईल तेव्हा बघू," असंही तो सांगेल. थांबा. चार-सहा महिने थांबणं या व्यवहारात नेहमीचंच आहे.

व्हिडिओ कॉल फक्त पहिली चाळणी म्हणून वापरा. आजची तारीख आणि तुमचं नाव कागदावर लिहून तो कागद पिल्लांशेजारी ठेवायला सांगा, आणि कॉल न तोडता आईपासून पिल्लांपर्यंत कॅमेरा फिरवायला सांगा. चोरलेल्या फोटोंवर धंदा करणारा इथेच "नेटवर्क जातंय" म्हणतो.

भेट : आईकडे बघा

एका दिवसात दोन ब्रीडरांकडे जाऊ नका. पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या, रक्ताच्या हगवणीचा) विषाणू चपलांना, कपड्यांना चिकटून जातो आणि एकाकडचा दुसऱ्याकडे पोचवणारे तुम्हीच ठरता. आत जाण्याआधी चपला काढायला सांगणारा, हात धुवायला लावणारा ब्रीडर तुसडा वाटेल, पण त्याला आपलं काम कळतं.

आत गेल्यावर आधी वास घ्या. पिल्लं आहेत म्हणजे थोडा वास येणारच, पण डोळ्यांत झोंबणारा मुताचा वास हा दिवसेंदिवस न धुतलेल्या पिंजऱ्याचा. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला पायाखाली माती कधी लागलेली नसते. माणसांच्या वावरात, भांड्यांच्या आवाजात, टीव्हीच्या गोंगाटात वाढलेलं पिल्लू नव्या घरात सोपं जातं, कारण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत कुत्रा जग ओळखायला शिकतो आणि त्यातला निम्मा काळ ब्रीडरकडेच जातो.

मग आई. विक्रेता कुठलीही कुत्री आणून "ही आई" म्हणू शकतो, म्हणून तिचं पोट बघा. सहा-आठ आठवड्यांपूर्वी व्यालेल्या कुत्रीची आचळं अजून लोंबती असतात, पोटावरचे केस विरळ झालेले असतात, पिल्लांच्या नखांचे बारीक ओरखडे दिसतात. त्या सुमारास तिचा कोटही झडतो, त्यामुळे ती थोडी उतरलेली दिसेल, ते साहजिक आहे. पोट घट्ट, आचळं बारीक, कोट चकचकीत आणि पिल्लांजवळ गेल्यावर अनोळखी वस्तू हुंगावी तशी हुंगते, तर ती आई नव्हे.

आईचा स्वभाव पिल्लाच्या दिसण्यापेक्षा महत्त्वाचा. पिल्लं लहान असताना ती अनोळखी माणसावर गुरगुरली तर चालेल. मालक शेजारी बसल्यावरही ती कोपऱ्यात थरथरत असेल किंवा अंगावर धावून येत असेल तर तिथून पिल्लू घेऊ नका, कितीही गोड असलं तरी. भित्रेपणा रक्तातूनही येतो आणि आईला बघूनही शिकला जातो.

बाप तिथे नसला तर संशय घेऊ नका. उलट अभ्यासू ब्रीडर मेटिंगसाठी नर बाहेरून निवडतो, त्याचे फोटो, नोंदणी आणि मालकाचा फोन त्याच्याकडे असतो. घरातल्याच एका जोडीची दर वर्षी पिल्लं काढणारा निवड करतच नाही.

तपासण्यांचं विचाराल तर लॅब्रॅडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्या आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे बघायला मागा. खुबा सैल असण्याचा आजार बाहेरून दिसत नाही आणि पक्का निर्वाळा साधारण दोन वर्षांच्या वयात काढलेल्या एक्स-रेवरच मिळतो. डॉबरमनमध्ये हृदय, डाल्मेशियनमध्ये आणि पांढऱ्या राजापालयममध्ये बहिरेपणा, छोट्या जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकणं. आपल्याकडे या तपासण्या करणारे ब्रीडर थोडे आहेत. "केलेल्या नाहीत, पण माझ्या आधीच्या वेतातली ही चार कुत्री आहेत, त्यांच्या मालकांना फोन लावा," असं म्हणणारा मला चालतो. "आमच्या लाइनमध्ये आजार नाहीच" म्हणणारा चालत नाही.

पिल्लू हातात घेतल्यावर

लोक इथून सुरुवात करतात, म्हणून फसतात. पाच-सहा आठवड्यांचं कुठलंही पिल्लू गोडच असतं.

वय आधी पडताळा. महिन्याभराचं पिल्लू दीड-दोन महिन्यांचं म्हणून खपवणं सर्रास चालतं. ओठ वर करून दात मोजा. दुधाचे दात एकूण २८, आणि आठ आठवड्यांच्या सुमाराला ते सगळे आलेले असतात. पुढचे दात जेमतेम टोकावलेले आणि मागे नुसत्या हिरड्या असतील तर ते पिल्लू आईच्या अंगावरून ओढून आणलंय. भावंडांबरोबर खेळतानाच आपला चावा किती लागतो हे ते शिकतं. लवकर उचललेली पिल्लं पुढे हात फोडतात आणि घरचे म्हणतात, जातच चावरी.

हिरड्या गुलाबी हव्यात, फिकट असतील तर जंत किंवा पिसवा-गोचिडांमुळे रक्त कमी झालंय. पोट ढोलासारखं आणि फासळ्या दिसत असतील तर जंतच. बेंबीजवळ मऊ गाठ (हर्निया) आहे का चाचपा. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. शेपटीखाली केस चिकटलेले असतील तर हगवण आहे, कालच धुऊन काढली असली तरी कातडी लाल दिसते. एखादंच नव्हे, सगळी पिल्लं बघा. एक मलूल असेल तर उरलेल्यांना लागण झालेली असायची शक्यता धरायची.

कागद वाचता आले पाहिजेत

केसीआयचं सर्टिफिकेट म्हणजे वंशावळीची नोंद. केसीआय हा क्लब आहे, सरकारी खातं नव्हे, आणि कागद आहे म्हणजे पिल्लू निरोगी असा त्याचा अर्थ होत नाही. त्यावर जात, लिंग, रंग, जन्मतारीख, ब्रीडरचं नाव, आईबापाची नोंदणी, त्यांच्या मागच्या पिढ्या आणि मायक्रोचिपचा क्रमांक असतो. हा क्रमांक १५ आकडी. तांदळाच्या दाण्याएवढी चिप मानेच्या कातडीखाली असते. स्कॅनर फिरवून दाखवायला सांगा आणि आकडा कागदाशी ताडून बघा. न जुळणारा कागद दुसऱ्याच कुत्र्याचा.

वंशावळीत आईच्या बाजूला आणि बापाच्या बाजूला तेच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर जवळच्या नात्यात पैदास झालीय. एखादं नाव मागच्या पिढीत दुहेरी आलं तर विचारा, आजोबाच दोन्हीकडे एक असेल तर सोडून द्या. आईबापाच्या जागी "अननोन" लिहिलेलं असेल तर पूर्वजांबद्दल त्या कागदावरून काहीच कळत नाही, मग "चॅम्पियन लाइन"चे पैसे कसले मोजता?

पिल्लांचे कागद हातात यायला वेळ लागतो, त्यामुळे देताना सर्टिफिकेट नसणं समजू शकतं. वेताची नोंद केल्याची पोच आणि चिपचा क्रमांक तरी हवा. "कागदाचे दहा हजार वेगळे, नको असेल तर बिनकागदाचं घ्या" हा प्रकार ऐकला तर उठा. एकाच वेतातली पिल्लं कागदवाली आणि बिनकागदाची अशी दोन भावांत विकणारा बहुधा कागदच विकत असतो.

लसीचं कार्ड नीट बघा. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवायची पद्धत आहे, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. बाजूला डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. नुसती पेनाने लिहिलेली तारीख म्हणजे लस दिली याचा पुरावा नाही. ब्रीडरने स्वतः टोचली असेल तर लस फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत राहिली होती का, कुणास ठाऊक. पावसात लाईट दोन दोन दिवस जाते त्या गावांत हा प्रश्न मोठा आहे. "महिन्याच्या पिल्लाला सगळ्या लसी झाल्या" असं सांगणाऱ्याला तर लसीचं गणितच कळलेलं नाही. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती त्या वयात लसीलाच निकामी करते. म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. आपल्याकडे पावसाळ्यात शेतातल्या पाण्यातून लेप्टो होतो, तेव्हा दिलेल्या लसीत लेप्टो आहे का ते डॉक्टरांकडून विचारून घ्या.

पैसे आणि पावती

बुकिंगचे पैसे द्यायचे ते भेटीनंतर, आणि थोडे. यूपीआयने किंवा बँकेतून द्या म्हणजे नोंद राहते. पावतीवर जात, जन्मतारीख, चिप क्रमांक, रक्कम, दोघांच्या सह्या आणि परतीच्या अटी हव्यात. शब्दाला जागणारी माणसं असतातच, पण ती लिहून द्यायलाही कचरत नाहीत.

परतीच्या अटीत दिवस मोजा. "तीन दिवसांची गॅरंटी" पुष्कळ जण देतात. पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे ब्रीडरच्या घरून लागण घेऊन आलेलं पिल्लू नेमकं गॅरंटी संपल्यावर आजारी पडतं. दहा ते चौदा दिवसांचा शब्द लेखी घ्या, आनुवंशिक आजारासाठी वेगळा. आणि "काही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू मलाच परत द्या, दुसऱ्याला देऊ नका," असं ब्रीडर स्वतःहून म्हणाला तर तो बहुधा खरा माणूस.

आणायचं कधी आणि कसं

जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर नको. एक तर गोचीड, बुरशी, लेप्टो यांचा हंगाम, दुसरं म्हणजे पिल्लाला बाहेरच नेता येत नाही, आणि आजारी पडलं तर दरड कोसळून घाट बंद असायचा. गणपतीत घर माणसांनी आणि फटाक्यांनी भरलेलं असतं, तेव्हाही नको. चाकरमान्यांची मे महिन्यातली हौस तर मोडूनच काढायला हवी : सुट्टीत पिल्लू आणायचं, मुलांनी पंधरा दिवस खेळायचं आणि मग आजी-आजोबांच्या गळ्यात घालून गाडी पकडायची.

पिल्लू स्वतः जाऊन आणा. आंबोली, फोंडा, करूळ, आंबा, कुठलाही घाट घ्या, वळणांवर पिल्लू ओकणारच. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं पाजा, मांडीवर जुनं फडकं घ्या. त्या फडक्याला आईच्या अंगाचा वास लागलेला असेल तर रात्री उपयोगी पडतो, निघताना ब्रीडरकडे मागून घ्या. वाटेत ढाब्यावर मातीत सोडू नका, लसी पुऱ्या झालेल्या नसतात.

घरी आल्यावर दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, पावतीवरचा शब्द त्यांच्या तपासणीवरच टिकतो. ब्रीडर जे खाणं देत होता तेच आठवडाभर द्या, भात-माशावर हळूहळू आणा. तुमच्या अंगणात गेल्या वर्षभरात एखादं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर नव्याला लसी पूर्ण होईपर्यंत तिथे पाय ठेवू देऊ नका. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लादी ब्लीचने धुता येते, शेणाने सारवलेलं खळं येत नाही.

उलटी, रक्ताची दुर्गंधी असलेली हगवण, खाणं सोडणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी सलाईन लावू शकणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि ब्रीडरला लगेच लेखी मेसेज करा, म्हणजे तारीख राहील. त्याने इतर पिल्लांच्या मालकांनाही कळवायला हवं. पिल्लू दगावलं तर पुरण्याआधी डॉक्टरांकडून कारण लिहून घ्या. त्या कागदाशिवाय पैसे परत मिळणं अवघड. ब्रीडर दाद देत नसेल तर पावती, कार्ड आणि डॉक्टरांचा कागद घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पिल्लू आलंच नाही आणि पैसे ऑनलाइन गेले, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात फोन लावा. पैसे दुसऱ्या खात्यात वळायच्या आत गोठवले जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.